शाखेला स्विफ्ट कोड नाही, मग परदेशातून पैसे यायचे कसे?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगी म्युनिकला नोकरीला लागली आहे. घराच्या कर्जाचा हप्ता ती भरणार, म्हणून दर महिन्याला विट्याच्या तुमच्या बचत खात्यात ती युरो पाठवू म्हणते. तिच्या बँकेचं ॲप ‘बीआयसी’ मागतं, म्हणजेच स्विफ्ट कोड. तुम्ही शाखेत विचारलंत तर तिथे म्हणाले, ‘आमच्या ब्रँचला स्विफ्ट कोड नाही, आयएफएससी द्या.’ आयएफएससी टाकला तर ॲप घेत नाही. इंटरनेटवर शोधलं तर एकाच बँकेचे चार कोड निघाले. एकाच्या शेवटी तीन एक्स, दुसऱ्याच्या शेवटी आकडे. त्यातच ‘इंटरमीडिअरी बँक’, म्हणजे मधली बँक, असा आणखी एक रकाना. शिवाय धाकट्याला जर्मनीत प्रवेश मिळाला आहे, त्याच्या ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच जमा करून ठेवायच्या खात्याचे) पैसे इकडून तिकडे पाठवायचे आहेत.

कोल्हापुरात एका सरकारी बँकेच्या फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाच्या, डेस्कवर मी चौदा वर्षं काढली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांचे एक्सपोर्टचे पैसे, परदेशी गेलेल्या मुलांच्या फिया, आखातातून घरी येणारे पगार, सगळं त्या एका टेबलावरून जायचं. तुम्हाला पडलेला प्रश्न मी महिन्यातून दहादा तरी ऐकलेला आहे.

आधी थोडक्यात उत्तर. शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसणं ही अडचणच नाही. बीआयसीच्या रकान्यात तुमच्या बँकेचा मुख्य आठ अक्षरी कोड टाकायचा. खाते क्रमांकाच्या जागी तुमचा खाते क्रमांक पासबुकावर आहे तसा, सुरुवातीच्या शून्यांसकट. नाव पासबुकावर छापलंय त्याच क्रमाने. इंटरमीडिअरीचा रकाना तुमच्या बँकेने काही लिहून दिलं नसेल तर मोकळा सोडायचा. विट्याच्या शाखेचं नाव आणि आयएफएससी ‘संदेश’ किंवा ‘पेमेंटचा तपशील’ या रकान्यात गेलं की झालं.

आता हे असं का, ते समजून घ्या. एकदा समजलं की पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

बीआयसी आणि स्विफ्ट कोड एकच. स्विफ्ट ही बँकांची सहकारी संस्था, १९७३ मध्ये ब्रसेल्सला १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून काढलेली. १९७७ पासून तिच्या जाळ्यावरून बँका एकमेकींना निरोप पाठवू लागल्या. आज दोनशेहून जास्त देशांतल्या अकरा हजारांवर संस्था तिच्यावर आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा परदेशी पैशांचे निरोप टेलेक्सवर यायचे आणि प्रत्येक निरोपाची गुप्त ‘टेस्ट की’ हाताने आकडेमोड करून जुळवावी लागायची. म्हणून जुनी माणसं अजूनही ‘टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर) आली का?’ असंच विचारतात. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: स्विफ्टवरून पैसे जात नाहीत, निरोप जातो. ‘अमुक खात्यात अमुक रक्कम जमा करा’ एवढा निरोप. आणि बीआयसी हा त्या निरोपाचा पत्ता, तोही बँकेपर्यंतचाच. तो निरोपाला बँकेच्या दारात आणून सोडतो. दारातून आत, तुमच्या खात्यापर्यंत नेण्याचं काम खाते क्रमांक आणि नाव करतात. लोक कोडाची काळजी करत बसतात आणि नावाकडे दुर्लक्ष करतात. माझ्या टेबलावर अडकलेल्या पैशांपैकी बहुतेक नावापायी अडकलेले असायचे.

कोड वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. बँक ऑफ महाराष्ट्रचा कोड घेऊ: एमएएचबी आयएन बीबी. (समजावं म्हणून मध्ये जागा सोडली आहे, ॲपमध्ये सलग इंग्रजी मोठ्या अक्षरांत.) पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची. एवढी आठ झाली की कोड पूर्ण. डॉइश बँकेचा फ्रँकफर्टचा कोड डीईयूटी डीई एफएफ. म्युनिकमध्ये तीन वेगळ्या बँका घ्या: डॉइश बँक डीईयूटी डीई एमएम, श्टाटशपारकासे एसएसकेएम डीई एमएम, बायरिशे लांडेसबँक बीवायएलए डीई एमएम. शेवटची चार अक्षरं तिघींची सारखी, कारण देश तोच आणि गाव तेच. आपल्याकडच्या बीबीवरून मात्र गाव ओळखायला जाऊ नका. ते मूळचं मुंबईचं, पण पंजाब नॅशनल बँकेचं मुख्यालय दिल्लीला आणि कॅनराचं बंगळुरूला, तरी दोघींच्या कोडात बीबीच आहे.

आठानंतर कधीकधी आणखी तीन अक्षरं किंवा आकडे येतात. ते शाखेचे. शाखा नेमकी सांगायची नसेल तर तिथे एक्सएक्सएक्स. म्हणजे आठ अक्षरी कोड आणि त्याच्यापुढे तीन एक्स लावलेला अकरा अक्षरी कोड, दोन्हींचा अर्थ एकच: मुख्य कार्यालय. काही ॲप अकरा अक्षरं भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, तिथे तीन एक्स बिनधास्त लावा. ज्या शाखांमध्ये फॉरेक्सचं काम चालतं त्यांनाच बहुधा स्वतःचे तीन अंक मिळालेले असतात. तुमच्या विट्याच्या शाखेत ते काम चालत नाही म्हणून तिला कोड नाही. पण बँक कोअर बँकिंगवर आहे, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक यंत्रणेत आहेत. मुख्य कोडावर आलेला निरोप मुंबईत किंवा जिथे त्यांचं परदेशी पैशांचं केंद्र असेल तिथे उघडला जातो आणि खाते क्रमांक बघून रुपये थेट विट्याच्या खात्यात पडतात. शाखेतल्या माणसाने तुम्हाला खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं.

आयएफएससीचा गोंधळ कुठून होतो तेही बघा. आयएफएससीसुद्धा अकरा अक्षरांचा, आणि त्याचीही पहिली चार अक्षरं बहुधा तीच. महाराष्ट्र बँकेचा आयएफएससी एमएएचबीनेच सुरू होतो, बीआयसीही. फरक पाचव्या जागेवर. आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. बीआयसीत पाचव्या-सहाव्या जागी देश, म्हणजे आपल्यासाठी आयएन. आयएफएससी ही रिझर्व्ह बँकेची देशांतर्गत व्यवस्था, एनईएफटी आणि आरटीजीएससाठी. जर्मनीतल्या संगणकाला ती कळणार कशी? त्याने पाचव्या-सहाव्या जागी देश शोधला, शून्य सापडलं, आणि नकार दिला.

आयबॅनचाही प्रश्न येणारच. आयबॅन म्हणजे देश, बँक आणि खातं एकत्र सांगणारा लांबलचक खाते क्रमांक. मुलीला जर्मनीत फक्त आयबॅन टाकायची सवय लागली असेल, कारण युरोपच्या आत युरो पाठवताना २०१६ पासून बीआयसी लिहावा लागत नाही. भारतात आयबॅन नाही. अमेरिकेत नाही, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही नाही. ॲपने आयबॅन मागितला तर ‘युरोपाबाहेर पाठवा’ किंवा ‘देश: भारत’ असा पर्याय शोधायला सांगा, तिथे साधा खाते क्रमांक लिहायची जागा असते. बळेच पुढे ‘आयएन’ लावून आयबॅन बनवून देणाऱ्या काही वेबसाइट आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

आता इंटरनेटवरच्या त्या चार कोडांकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. स्टेट बँकेचं उदाहरण घ्या. भारतातला कोड एसबीआयएन आयएन बीबी. पण स्टेट बँकेच्या फ्रँकफर्ट शाखेचा कोड एसबीआयएन डीई एफएफ, न्यूयॉर्क शाखेचा एसबीआयएन यूएस ३३. पहिली चार अक्षरं बघून ‘आपलीच बँक’ म्हणून कोणी फ्रँकफर्टचा कोड टाकला तर निरोप फ्रँकफर्टला जाऊन पडतो. तिथे तुमच्या खाते क्रमांकाचं खातंच नसतं. मग चौकशी, उत्तर, पुन्हा चौकशी, नाहीतर शुल्क कापून पैसे परत. वेबसाइटवर हे सगळे कोड एकाखाली एक दिलेले असतात आणि घाईत माणूस पहिला दिसेल तो उचलतो.

दुसरा प्रकार विलीनीकरणाचा. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादचे खातेदार किती तरी होते; ती १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. या सगळ्यांचे जुने कोड इंटरनेटवर अजून सापडतात. दुबईत किंवा मस्कतला बसलेल्या मुलाच्या ॲपमध्ये जुनं नाव-गाव साठवून ठेवलेलं असतं, तो दरवेळी तेच बटण दाबतो. विलीनीकरणानंतर काही काळ बँका जुन्या कोडावरचे पैसे सांभाळून घेतात, मग एक दिवस बंद करतात. तुमच्या बँकेचं असं काही झालं असेल तर खाते क्रमांक बदलला आहे का, तेही विचारून घ्या.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आयबॅनमध्ये तपासणीचे दोन अंक असतात. देशाच्या अक्षरांनंतरचे ते दोन अंक संपूर्ण क्रमांकावरून ९७ च्या भागाकाराने काढलेले असतात. त्यामुळे एक आकडा जरी चुकला तरी संगणक तिथल्या तिथे सांगतो. बीआयसीत अशी कुठलीच तपासणी नाही. एक अक्षर चुकलं आणि चुकून तो दुसऱ्याच बँकेचा खरा कोड निघाला, तर संगणक गुपचूप स्वीकारतो. त्यामुळे कोड फोनवर सांगू नका, चिठ्ठीवर हाताने लिहून फोटो पाठवू नका. इंग्रजी आय आणि आकडा एक, ओ आणि शून्य, एस आणि पाच, बी आणि आठ, ही आमची रोजची डोकेदुखी होती. बर्लिनच्या एन२६ बँकेचा कोड एनटीएसबी डीई बी१ असा आहे. शेवटचा तो एक हाताने लिहिला की निम्मे लोक आय वाचतात. टाइप केलेला मजकूर पाठवा आणि मुलीला तोच कॉपी-पेस्ट करायला सांगा.

मग खरा कोड घ्यायचा कुठून? शाखेतूनच, पण प्रश्न बदलून. ‘ब्रँचचा स्विफ्ट कोड काय?’ असं विचारू नका. ‘मला युरोमधल्या इनवर्ड रेमिटन्सच्या (परदेशातून येणाऱ्या पैशांच्या) सूचना हव्यात’ असं म्हणा. प्रत्येक बँकेकडे प्रत्येक चलनासाठी असा एक कागद तयार असतो: बँकेचा कोड, कोणत्या परदेशी बँकेत तिचं त्या चलनाचं खातं आहे, त्या बँकेचा कोड काय. शाखेत नसेल तर ते त्यांच्या फॉरेक्स शाखेकडून मेलवर मागवून देतात. बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरही तो असतो. त्यावर शाखेचा शिक्का घेतलात तर उत्तम.

खातं नागरी सहकारी बँकेत असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. सारस्वत किंवा कॉसमॉससारख्या मोठ्या सहकारी बँकांना स्वतःचे कोड आहेत. छोट्या बँकांचे पैसे दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत येतात, ‘पुढे अमुक बँकेच्या अमुक खात्यात जमा करा’ अशी ओळ लिहून. ती ओळ मोबाइलच्या ॲपमध्ये लिहायला धड जागा नसते आणि वाचणाऱ्यानेही ती वाचली तर वाचली. दर महिन्याचा हप्ता असा अवलंबून ठेवू नये. अशा वेळी थेट कोड असलेल्या बँकेत एक बचत खातं उघडावं आणि तिथून एनईएफटीने पैसे हलवावेत. पतसंस्थेच्या खात्यावर तर परदेशातून पैसे मागवायचा विचारही करू नका.

इंटरमीडिअरी बँकेचं गणित असं. तुमच्या मुलीने युरो पाठवले तरी ते युरो भारतात येतच नाहीत. तुमच्या बँकेचं फ्रँकफर्टच्या किंवा आणखी कुठल्या बँकेत युरोचं एक खातं असतं, त्याला आम्ही ‘नोस्ट्रो’ म्हणतो. मुलीचे ५०० युरो तिच्या खात्यातून निघून त्या नोस्ट्रो खात्यात जमा होतात. युरो युरोपातच राहिले. इकडे मुंबईत बँकेला निरोप मिळतो की तुमच्या युरोच्या खात्यात ५०० आले, ते या बाईंचे आहेत. मग बँक त्या दिवसाच्या टीटी बाइंग रेटने (बँक परदेशी चलन विकत घेते त्या दराने) आपल्या रुपयांतून तुमच्या खात्यात भरणा करते. ज्या बँकेत नोस्ट्रो आहे ती मधली बँक. मुलीची बँक हा रस्ता बहुतेक वेळा स्वतःच शोधते, त्यासाठी तिच्याकडे बँकांची निर्देशिका असते. म्हणूनच तो रकाना सक्तीचा नसतो. पण तुमच्या बँकेने कागदावर मधल्या बँकेचा कोड दिला असेल तर तो टाका, रस्ता छोटा होतो. अंदाजाने मात्र काही भरू नका. डॉलरचा इंटरमीडिअरी, समजा न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन चेसचा सीएचएएस यूएस ३३, युरोच्या रकान्यात टाकला की पैसे उगाच लांबच्या वाटेला लागतात.

याच रस्त्यावर पैसे कापले जातात. ॲपमध्ये शुल्काचे तीन पर्याय दिसतील. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. ‘शा’ म्हणजे तिच्या बँकेचा खर्च तिचा, मधल्यांचा आणि इकडचा तुमचा. ‘बेन’ म्हणजे सगळा तुमच्या माथी. दरमहा हप्त्यापुरतेच पैसे येणार असतील आणि खात्यात शिल्लक जेमतेम असेल, तर ‘शा’मध्ये मधल्या बँकेने थोडे युरो कापले की हप्ता बाउन्स. एकतर ‘अवर’ निवडा, नाहीतर थोडे जास्त पाठवा. माझं मत विचाराल तर दर महिन्याला छोटी रक्कम पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांची एकदम पाठवावी, कापाकापी एकदाच होते.

आता नावाकडे येतो. आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग पतीचं किंवा वडिलांचं. काहींच्या पासबुकावर ‘सौ.’ सुद्धा छापलेलं असतं. मुलगी तिकडे आईचं नाव आणि आडनाव एवढंच लिहून मोकळी होते. आधार कार्डावर स्पेलिंग एक, पासबुकावर दुसरं. काही बँका चालवून घेतात, काही थांबवतात. थांबले की पैसे बँकेच्या पार्किंग खात्यात पडून राहतात आणि तिकडच्या बँकेला ‘नाव खातरजमा करा’ असा उलट निरोप जातो. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांचे जर्मन गिऱ्हाइकाकडून आलेले पैसे अकरा दिवस असे पडून होते. कोड अचूक, खाते क्रमांक अचूक. बिलावर फर्मचं नाव दुकानाच्या पाटीवरचं होतं आणि खातं मालकाच्या नावाने उघडलेल्या दुसऱ्या फर्मचं. पगाराचा शनिवार तोंडावर आला होता आणि ते गृहस्थ रोज सकाळी साडेदहाला माझ्यासमोर येऊन बसायचे. मला निरोप दिसत होता, रक्कम दिसत होती, पण हात लावता येत नव्हता. शेवटी जर्मनीहून नाव दुरुस्त करणारा निरोप आला तेव्हा कुठे जमा झाले. आणखी एक: फर्मच्या नावात इंग्रजी ‘अँड’चं चिन्ह असेल तर ते अक्षरांत लिहा. स्विफ्टच्या जुन्या निरोपांच्या अक्षरसंचात ते चिन्हच नव्हतं.

पत्ताही नीट लिहा. बँकांमधले पेमेंटचे निरोप आता नव्या साच्यात गेले आहेत, एमटी १०३ हा आमचा जुना निरोप नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे पडला. नव्या साच्यात शहर आणि देश वेगवेगळ्या रकान्यांत हवे असतात. ‘मु. पो. विटा, ता. खानापूर, जि. सांगली’ हे सगळं एका ओळीत कोंबू नका. शहराच्या रकान्यात विटा, देशाच्या रकान्यात भारत.

नाव वाचणारा माणूस काय करू शकतो याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण २०१६ च्या फेब्रुवारीतलं. बांगलादेश बँकेच्या संगणकात घुसून चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे स्विफ्टवरून निरोप पाठवले. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र अडले, कारण घेणाऱ्या संस्थेच्या नावातलं ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेला शंका आली. आम्ही डेस्कवरची माणसं तेव्हापासून नावं आणखी बारकाईने वाचायला लागलो.

तुमच्या धाकट्याच्या पैशांची दिशा उलटी आहे, पण तत्त्व तेच. तुम्ही बँकेत ए-२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, भराल, पॅन लागेल. हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्ये जातात, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा, म्हणजे तुम्हाला ती अडचण नाही. पैसे कशासाठी ते सांगणारा परपज कोड शिक्षणासाठी एस ०३०५. (मुलीकडून येणाऱ्या पैशांना घरखर्चाचा पी १३०१. एस म्हणजे बाहेर जाणारे, पी म्हणजे आत येणारे.) जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा: डीई, तपासणीचे दोन अंक, आठ अंक बँकेचे, दहा खात्याचे. मोजून बघा. कागदावर तो चार-चारच्या गटात छापतात, फॉर्मवर सलग लिहा.

ब्लॉक्ड अकाउंटच्या बाबतीत दोन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आकडा पाठवण्याआधी वकिलातीच्या पानावर एकदा तपासा. लोक तेवढेच मोजून ‘शा’ने पाठवतात, वाटेत वीसएक युरो कापले जातात, तिकडे ११,८८० पोहोचतात आणि खातं पुरेसं भरलं नाही म्हणून प्रमाणपत्र निघत नाही. मग वीस युरोसाठी पुन्हा ए-२, पुन्हा शुल्क, आणि व्हिसाची तारीख तोंडावर. ‘अवर’ करा आणि वर पन्नासेक युरो टाका. दुसरी चूक संदर्भ क्रमांकाची. ब्लॉक्ड अकाउंट देणारी कंपनी प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक देते, तो पेमेंटच्या तपशिलात गेलाच पाहिजे. काउंटरवरचा क्लार्क तिथे ‘एज्युकेशन’ एवढंच लिहून टाकतो. फॉर्म पुढे जाण्याआधी त्याच्या स्क्रीनवर तो क्रमांक स्वतः वाचा. मागायला संकोच वाटू देऊ नका.

परदेशी पैसे पाठवताना कोडातली पाचवी आणि सहावी अक्षरं नेहमी वाचा, एवढं माझ्यासाठी कराच. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले इटलीहून जुने रेपिअर माग आणत होते. आगाऊ रक्कम आधीच गेली होती. उरलेल्या रकमेच्या वेळी मेल आला की आमचं ऑडिट चालू आहे, या नव्या खात्यात पाठवा. लेटरहेड तेच, सही तीच. फॉर्म माझ्याकडे आला. विकणारा इटलीचा, माल इटलीहून निघणार, आणि कोडाच्या मधोमध ‘पीएल’. पोलंड. मी त्यांना म्हटलं, मेलला उत्तर देऊ नका, जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन लावा. त्यांनी माझ्यासमोरच लावला. पलीकडच्या माणसाला ऑडिटचं काही माहीतच नव्हतं, त्यांचा मेल कोणीतरी फोडला होता. पैसे एकदा गेले असते तर परत आणायला आमच्या हातात विनंतीचा निरोप पाठवण्यापलीकडे काही नव्हतं. तुमच्या मुलाच्या हॉस्टेलचं, एजंटचं, कोणाचंही खातं अचानक बदललं आणि देशाची अक्षरं वेगळी दिसली, तर थांबा.

आणि पैसे निघाले, पण पोहोचले नाहीत तर? चार कामाचे दिवस थांबा. मध्ये शनिवार-रविवार आणि दोन्हीकडच्या सुट्ट्या धरा. मग मुलीला तिच्या बँकेकडून दोन गोष्टी मागायला सांगा: स्विफ्ट कॉपी, म्हणजे गेलेल्या निरोपाची प्रत, आणि यूईटीआर. यूईटीआर हा ३६ खुणांचा क्रमांक, २०१८ पासून अशा प्रत्येक निरोपाला असतोच. पार्सलच्या पावतीवरच्या नंबरसारखा तो वाटेतल्या प्रत्येक बँकेत तोच राहतो. शाखेत जाऊन ‘पैसे आले का हो?’ असं विचारलंत तर तिथला माणूस तुमचं खातं उघडून ‘नाही’ म्हणेल, आणि तो खरंच सांगत असेल. तो क्रमांक द्या आणि फॉरेक्स शाखेला मेल करायला सांगा. तिथे निरोप मुंबईत अडलाय, मधल्या बँकेत अडलाय की निघालाच नाही, हे कळतं. स्विफ्ट कॉपीवर तुम्ही स्वतः तीन जागा बघा: तुमच्या बँकेचा कोड, तुमचं नाव आणि खाते क्रमांक, आणि शुल्काचा पर्याय. नव्वद टक्के उत्तर त्या तीन ओळींतच सापडतं.

पहिल्या वेळी मुलीला पन्नासच युरो पाठवायला सांगा. ते खात्यात पडले की शाखेतून त्या रकमेचा इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस मागा. त्यावर किती युरो पोहोचले, कोणता दर लावला, किती कापले, सगळं छापलेलं असतं. तो कागद मुलीला पाठवा, म्हणजे हप्त्यासाठी नेमके किती युरो निघायला हवेत ते तिला कळेल. त्या दिवशी ॲपमध्ये भरलेलं सगळं तिने तसंच साठवून ठेवावं आणि तुमच्या बँकेकडून लेखी आल्याशिवाय त्यातलं एकही अक्षर बदलू नये.